दुसऱ्या गोलकीपरचं गाऱ्हाणं

माझा आवाज मोठा आहे. आमच्या बागेच्या वरच्या बांधावर उभा राहून मी खालच्या गड्याला हाक मारली, तर तिकडे हातखंब्याच्या तिठ्यावर हायवेचे ट्रक ब्रेक दाबतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, कबूल. ट्रक नव्हे, टेंपो.

या आवाजापायीच गावाने मला एक काम दिलेलं आहे. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. घरधनी पुढे नारळ ठेवतो आणि त्या घराचं म्हणणं कोणीतरी मोठ्याने देवाच्या कानावर घालावं लागतं. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकेक मागणं सांगायचं, की मागून अख्खा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" हा मान आमच्या घराण्याकडे आहे आणि गेली पंचवीस वर्षं तो मी चालवतोय. कोणाची म्हैस गाभण राहत नाही, कोणाच्या पोराला मुलगी मिळत नाही, कोणाचे गुडघे, कोणाची भावकी, सगळं माझ्या घशातून देवाकडे गेलेलं आहे. एरवी वर्षभर मी गरजेप्रमाणे थापा मारतो. काही वेळा गरज नसतानाही. पण गाऱ्हाण्यात कधी थाप मारलेली नाही. एक तर समोर देव असतो, आणि मागे ज्यांना खरं काय ते ठाऊक आहे असे शंभर लोक असतात.

तर आता भाच्याचं सांगतो.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मेव्हणे मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. बहिणीचं घर माझ्या घरासमोर, मध्ये फक्त भाताचा एक मळा. त्यामुळे पोरगा जेवायला तिच्याकडे आणि वाढायला माझ्याकडे. आमच्या हापूसच्या बागेच्या वर सडा आहे. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, मैदानासारखा सपाट आणि किसणीसारखा खरखरीत. आमच्या बागेत राखणीला नेपाळी गडी असतात. ते संध्याकाळी त्या सड्यावर फुटबॉल खेळत. सगळ्यांना गोल मारायचे असत, गोल अडवायला कोणी तयार नसे. कारण कातळावर एकदा झेप घेतली की गुडघ्याची कातडी तिथेच राहते, माणूस तेवढा घरी येतो. माझा भाचा सात वर्षांचा. त्याला त्यांनी दोन दगडांच्या मध्ये उभं केलं.

पहिल्या महिन्यात त्याने एवढी कातडी सोलून घेतली की तेवढ्यात दुसरा भाचा तयार झाला असता. मग तो शहाणा झाला. झेप घ्यायचीच नाही. बॉल जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभं राहायचं.

"तुला कळतं कसं रे?" मी विचारलं.

"मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं, मामा. पाय फसवतो."

आंब्याच्या दिवसांत तो झाडाखाली उभा राहायचा. वर गडी झेल्याने, म्हणजे त्या जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवायचा आणि झेल्यातून जो निसटेल तो खाली भाच्याच्या हातात. पडलेला आंबा आतून काळा पडतो, पेटीत चालत नाही. मी लोकांना सांगतो की एका अख्ख्या हंगामात त्याने माझा एकही आंबा जमिनीला लागू दिला नाही. खरं म्हणजे पाच-सहा लागले. पण त्यातले दोन तो शाळेत असताना पडले, ते काही त्याच्या माथी मारता येणार नाहीत.

रत्नागिरीत शाळांचे सामने झाले, तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या क्लबचा माणूस बघायला आला होता. त्याने याला उचलला. क्लबचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी खात्री करायला जाईल. एवढंच सांगतो, की त्यांचे सामने टीव्हीवर लागतात आणि त्यांच्या बसवर खेळाडूंची चित्रं असतात. दोन वर्षं पोरांच्या संघात खेळला आणि मग मुख्य संघात तीन वर्षांचा करार झाला. बहिणीने गावभर पेढे वाटले. मी बातमी वाटली, ती पेढ्यांपेक्षा लांब गेली.

आता यातली गोम अशी, की फुटबॉलमध्ये गोलकीपरची जागा एकच. बाकीचे कोण पुढे, कोण मागे, कोणी थकला तर बदली. गोलकीपर थकत नाही आणि बदलत नाही. दुसऱ्या गोलकीपरचं काम काय? सामन्याच्या आधी पहिल्याला सराव द्यायचा, बॉल मारून मारून त्याचे हात गरम करायचे, आणि सामना सुरू झाला की पिवळं बंडीसारखं काहीतरी घालून बाकावर बसायचं. माझा भाचा दुसरा होता.

हे त्याने मला फोनवर नीट समजावून सांगितलं. मी गावाला वेगळं समजावलं.

पहिला सामना बघायला माझ्या पडवीत दोनशे माणसं जमली. चाळीस असतील. अर्ध्या तासाने कॅमेरा बाकावरून फिरला आणि एकच गलका झाला, "दिसला! दिसला!" भाचा बाटलीतून पाणी पीत होता.

"पाणी पण कसं ऐटीत पितोय बाय," शेजारची काकू म्हणाली.

"ता पिवळा काय घातलान?" कोणीतरी विचारलं.

"तो मानाचा असतो," मी म्हटलं. "सगळ्यांना नाही मिळत."

"मंग खेळत का नाय?"

"अरे, खरं हत्यार आधी काढतात का? समोरच्याला घाबरवायला ठेवलाय त्याला तिथे. तो नुसता उठून उभा राहिला ना, तरी समोरच्यांचे पाय लटपटतात."

पहिल्या वर्षी हे चाललं. दुसऱ्या वर्षी पडवीत दहा-बारा माणसं उरली. आणि काकू, पण ती डोळे मिटून बसायची.

मी भाच्याला फोनवर विचारायचो, "कोण आहे रे तो? कोणाचा वशिला आहे त्याचा?" मला भांडायला माणूस हवा होता. तोच मिळेना. पहिला गोलकीपर मिझोरामचा, तिशीचा, चिकाटीचा. एका खोलीत राहायचे दोघं. बॉल हातात आला की तो आपल्या माणसाच्या पायात कसा सोडायचा, कोणत्या मैदानावर ऊन कुठून डोळ्यांत येतं, सगळं त्यानेच भाच्याला शिकवलेलं. तो झेप घ्यायचा ती पाहण्यासारखी. आडवा, हवेत, टीव्हीवर तीनतीनदा दाखवावी अशी. आमचा झेप घेतच नाही, आमचा आधीच तिथे उभा. आमच्याने बॉल अडवला की वाटतं, मारणाऱ्याने नेमका याच्या हातातच मारला. कोच म्हणाला होता, "तुझं काही चुकत नाही. पण त्याचंही काही चुकत नाही." आता यावर कोणाची गचांडी धरायची?

मग गेल्या वर्षीचा शिमगा आला.

पालखी बहिणीच्या अंगणात आली. बहिणीने नारळ ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. करार संपायला एक वर्ष उरलं होतं. मी गाऱ्हाणं सुरू केलं. नेहमीचं, पिढ्यानपिढ्यांचं. नारळ गोड मानून घे म्हाराजा. व्हय म्हाराजा. एकाचे एकवीस कर म्हाराजा. व्हय म्हाराजा. मग ते नेहमीचं वाक्य येतं, प्रत्येक घरी येतं, "जो कोण ह्यांच्या वाटंत आडवा येत आसंल, त्याला उचलून बाजूला कर म्हाराजा!" तेवढं म्हणून थांबायचं असतं. मला मात्र चेव आला. मी माझ्या पदरचं जोडलं, "मंग तो गोलात उभा आसला तरी!"

गाव आधी हसला आणि मग असा ओरडला की पालखीच हलली. "व्हय म्हाराजा!" कोणीतरी मोबाइलवर हे सगळं घेत होतं.

आठ दिवसांनी सरावात त्या मिझोरामच्या माणसाचा उजवा हात मोडला.

त्यानंतरचे दिवस मी कसे वागलो ते लिहायला मला आज जड जातं, पण लिहितो. मी हातखंब्याला तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत बसलो आणि सांगत सुटलो. माझं गाऱ्हाणं वाशिष्ठी ओलांडून कशेडीच्या घाटातून कसं गेलं, पनवेलला जरा अडकलं, आणि मग मैदान बरोबर शोधून हातावरच कसं आपटलं. डावा की उजवा ते मी सांगितलं नव्हतं, पण देवाने स्वतःच्या अकलेने उजवा निवडला. लोक चहा सांडेपर्यंत हसले.

भाचा हंगामाचे शेवटचे तीन सामने खेळला. माझ्या पडवीत पुन्हा दोनशे माणसं, आणि या वेळी शंभरच्या वर खरोखरच होती. तीन सामन्यांत एक गोल गेला. तोही आमच्याच माणसाच्या पायाला लागून. दुसऱ्या सामन्यात एकाने दहा पावलांवरून असा मारला की काकूने डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल भाच्याच्या छातीवर होता. तो पडला नव्हता की झेपावला नव्हता. सड्यावर उभा असायचा तसाच उभा होता. मी थाप मारायची विसरलो. सांगायला होतं तेच पुरेसं होतं.

नवा हंगाम सुरू झाला. मोडलेला हात जुळला. आणि कोचने पहिल्याला पुन्हा पहिला केलं. त्यांच्यात पद्धत आहे म्हणे, दुखापतीने गेलेली जागा बरं झाल्यावर परत द्यायची. फॉर्म गेला तर जागा गेली, हात मोडला तर नाही.

"आणि तू रे? तू काय बोललास?" मी फोनवर विचारलं.

"मी काय बोलणार? माझा हात मोडला असता तर मलाही तेच हवं होतं."

यंदा मे महिन्यात करार संपतोय. न खेळलेल्या गोलकीपरला कोण पुढचा करार देतं? आणि खेळल्याशिवाय तो कसा दिसणार, आणि दिसल्याशिवाय खेळणार कसा? या चरकात तो वर्षभर फिरतोय. यंदा शिमग्याला तो घरी आला. आईला सांगितलं, सुट्टी मिळाली. मला बागेत आल्यावर खरं सांगितलं. संघ बाहेरगावी खेळायला गेला होता आणि बाकावर बसायलासुद्धा याच्या जागी अठरा वर्षांचा नवा पोरगा नेला होता.

आम्ही झाडाखाली उभे होतो. वर गडी हंगामातले पहिले आंबे उतरवत होता. एक निसटला. भाच्याने वर न बघता हात पुढे केला आणि आंबा हातात.

"मामा, तुझा तो व्हिडिओ क्लबमध्ये पोचलाय," तो म्हणाला.

"कुठला व्हिडिओ?" मला नीट ठाऊक होतं.

"मागच्या शिमग्याचा. कोणीतरी पाठवला, सगळे हसायला लागले, आमच्या पहिल्याला काही कळेना. मला विचारलंन, हे तुझे मामा काय सांगतायत? मला हिंदीत सांगायला लागलं."

"मग? काय सांगितलंस?"

"जे होतं ते."

मी आंब्याच्या खोडाकडे बघत राहिलो. खोड चांगलं होतं.

"रागावला?"

"नाही. आधी स्वतःच्या हाताकडे बघितलंन. मग हसला. त्याने तुला निरोप दिलाय. म्हणाला, मामांना सांग, यंदा हात सोडून काय ते मागा. त्याला दोन मुली आहेत, मामा. हात बांधलेला होता तेव्हा मी त्याच्या शर्टाची बटणं लावत होतो." मग म्हणाला, "तू यंदा माझ्या जागेचं काढू नकोस."

"अरे, पण जागा तर हवी ना तुला?"

"हवी तर."

"मग ती मिळणार कशी?"

"तेच ना," भाचा म्हणाला आणि आंबा हलक्या हाताने टोपलीत ठेवला.

घरी आलो तर बहीण वाट बघत होती. पोरगा आंघोळीला गेलेला पाहून म्हणाली, "दादा, उद्या मागच्या वर्षीसारखंच घाल. तस्संच. एक शब्द इकडचा तिकडे करू नको."

"अगं, त्या माणसाचा हात मोडला होता."

"जुळला ना? मग? मी काय जीव मागतेय का कोणाचा? महिनाभर पुरे. एकदा बघू देत त्यांना नीट." ती नारळ सोलत होती. कोयता जोरात बसत होता. "पोरगा तीन वर्षं बसून आहे दादा. फोनवर हसतो. मला कळत नाही का तो कसा हसतो ते?"

मला काही न म्हणण्याची सवय नाही, त्यामुळे खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पालखी मळा ओलांडून आली. ढोल, ताशे, मुंबईहून आलेली पोरं, घामाने चिंब. मोबाइल वर काढलेले मला लांबूनच दिसले. यंदा गर्दी जास्त होती. सगळ्यांना ठाऊक होतं की या अंगणात काय होणार आहे. चहाच्या टपरीत वर्षभर मीच जाहिरात केली होती.

बहिणीने नारळ ठेवला. भाचा तिच्या मागे, हात पाठीमागे घेऊन उभा. ढोल थांबले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरच्या लेकरांनी तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ह्यांच्या वाटंत..."

आणि मी थांबलो. पंचवीस वर्षांत मी या वाक्यात कधी थांबलो नव्हतो. पुढचे शब्द तोंडात होते, जिभेवर होते. समोर बहिणीचे डोळे. तिच्या खांद्यावरून पोराचे डोळे. एकीला हो म्हणावं तर दुसऱ्याला तोंड दाखवता येणार नाही, आणि गप्प बसावं तर मे महिना काही थांबणार नाही. देवाकडे बघितलं. चांदीच्या मुखवट्यावर गुलाल होता, त्यातून काही कळलं नाही. मागून कोणीतरी कुजबुजलं, "इसारला काय?"

"...त्या वाटंत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही, "दोनी पोरांचं हात धड ठेव म्हाराजा!"

सवयीने सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग एकमेकांकडे बघू लागले.

"दोन? दुसरा कोण?"

"हिला येकच ना पोरगा?"

ढोल सुरू झाले म्हणून वाचलो. बहिणीने नारळाकडे बघत माझ्या कानाशी म्हटलं, "माझ्या पोराचं मागितलंसच नाहीस तू." बस, तेवढंच. नंतर दोन दिवस ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलली.

मग पालखी नाचवायची वेळ आली. चार-चार जणांनी खांदा द्यायचा आणि ढोलावर नाचायचं. भाच्याच्या वयाची पोरं हाका मारू लागली, "ये रं बाला! ये ना जल्ल्या, खांदा दे!" तो जागेवरून हलला नाही. क्लबचा नियम आहे, खांद्याला धक्का लागेल असं काही करायचं नाही. दांडा निसटला, पाय घसरला, तर आहे तेही जायचं. लहानपणी हा पालखीखालून निघत नसे. आज तो अंगणाच्या कडेला, पायरीवर बसला.

"मुंबैचा सायेब झाला," एक जण म्हणाला. दुसऱ्याने आपला मोबाइल याच्या हातात दिला. "धर रं, तुझ्या हातातून कायच पडत नाय." मग तिसऱ्याने दिला, चौथ्याने घड्याळ दिलं. बघता बघता त्याच्या मांडीवर पंधरा-वीस मोबाइल झाले. पालखी नाचत होती, गुलाल उडत होता, मोबाइल मांडीवर थरथरत होते आणि तो दोन्ही हातांचं आळं करून, एकही घसरू न देता बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. एखादी थाप सुचेल म्हणून वाट बघितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुंबईच्या एस.टी.ला बसवायला हातखंब्याला घेऊन गेलो. गाडीला वेळ होता. टपरीवाल्याने आम्हाला बघताच फडका खांद्यावर टाकला.

"या या! काय रं बाला, रविवारी टीव्हीवर बगायचा ना तुला? खेळतोस ना?"

भाचा बुटांकडे बघू लागला. टपरीवाला माझ्याकडे वळला, बाकावरचे दोघं-तिघंही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर ते आधीच आलेलं हसू मला दिसलं.

"नाही खेळत तो," मी म्हटलं. "बसतो. तीन वर्षं बसलाय. आता बसायलाही दुसऱ्याला नेतात. मे महिन्यात करार संपला की घरी येईल."

टपरीवाल्याने मांडीवर थाप मारली.

"मामा! तुमी म्हंजे ना! कायतरी मोठं दडवताय. क्याप्टन केला वाटतं ह्याला!"

"क्याप्टनच!" बाकावरचा म्हणाला. "तरीच मामा एवडं गप."

सगळे हसले. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं. पण माझी शपथ या टपरीत आजवर इतक्यांदा खर्ची पडली होती, की मी ते मिटलं. भाचाही हसला. आईशी फोनवर हसतो म्हणतात, तो तसाच असेल.

एस.टी. आली. पिशवी वर टाकून तो खिडकीशी बसला आणि खिडकीच्या दांड्यावर हात ठेवला. लांब बोटं, नखं बारीक कापलेली, एका बोटाला आंब्याच्या चिकाचा डाग. मला काहीतरी म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत कोणाकोणासाठी काय काय म्हटलं होतं.

"सांभाळून जा," मी म्हटलं. ते शेजारच्या टपरीवाल्यालाही ऐकू गेलं नसेल. गाडी वळून हायवेला लागली आणि तिठ्यावरचे ट्रक आपापल्या वेगाने जात राहिले.